रेघेपर्यंत पाणी

बाटली हातात घेतली की तो आधी ती तळहातावर दोनदा आपटतो. आतली पावडर तळाशी घट्ट बसलेली असते, ती सुटी व्हायला हवी. मग उकळून गार केलेलं पाणी ओततो, तेही निम्म्यापर्यंतच. झाकण लावून बाटली खळाखळा हलवतो. पांढरा फेस वर चढतो आणि इथे तो थांबतो.

"द्या की ओ दादा, रिक्षा उभी हाय," काउंटरपलीकडची बाई म्हणते. कडेवर दीड वर्षाचं पोर, नाक वाहतंय, कानाला हात.

"दोन मिनिटं, ताई. फेस बसू द्या."

जळोचीत माझ्या शाळूसोबत्याचं मेडिकल आहे. गाव बारामती नगरपरिषदेत गेलं, उपबाजारात भाजीच्या गाड्या वाढल्या, खोल्या भाड्याने गेल्या, तसं त्याचं गिऱ्हाईकही वाढलं. मी अधूनमधून तिथल्या स्टुलावर जाऊन बसतो. गप्पांसाठी म्हणून जातो, पण खरं तर त्याचं ते फेसाकडे बघत उभं राहणं मला आवडतं. लेबलावर एक रेघ असते, पाणी तिथपर्यंत यायला हवं. फेसच रेघेला टेकला आणि माणूस थांबला, तर पाणी कमी पडतं, औषध दाट होतं. घाईत रेघेच्या वर गेलं तर पातळ. पाच मिलीत दोनशे मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन आणि साडेअठ्ठावीस क्लॅव्ह्युलॅनिक अॅसिड, हा हिशेब त्या रेघेवर उभा असतो. त्यावर पोराच्या वजनाचा हिशेब. म्हणून तो विचारतो, "वजन केलं होतं का डॉक्टरांनी?" चिठ्ठीवर कोपऱ्यात ९.८ लिहिलेलं सापडतं आणि त्याचा चेहरा जरा सैल होतो.

फेस बसतो. उरलेलं पाणी थेंबाथेंबानं. पुन्हा हलवणं. मग मार्करने लेबलावर आजची तारीख, कारण पाणी पडल्यापासून हे औषध सात दिवसांचंच. "फ्रिजमध्ये ठेवा. घरातला चमचा नको, हे झाकण वापरा, ह्याच्यावर खुणा आहेत. बरं वाटलं म्हणून मधेच बंद करायचं नाही. आणि उरलं तर पुढच्या तापाला ठेवायचं नाही."

"फ्रिज मालकीणबाईंकडं हाय," ती म्हणते. तेवढ्यावर तो भागवतो.

या पोराचा कान पिकलाय, डॉक्टरांनी तपासून लिहून दिलंय, प्रश्न नाही. प्रश्न त्या पोरांचा, ज्यांना नुसती सर्दी असते. सर्दी विषाणूची, तिच्यावर अँटिबायोटिक काडीचंही चालत नाही, आठवडा-दहा दिवसांत ती आपल्या पायांनी जाते. पण आईबापांना दहा दिवस कुठले? पोर घरी राहिलं की एकीचा रोज बुडतो. "जरा हाय पॉवरचं द्या" या वाक्यामागे अडाणीपणापेक्षा बुडालेली हजेरी जास्त असते, असं माझं मत. शहरातले लोक लगेच नाकं मुरडतात, म्हणून सांगितलं.

कायदा आहे. अँटिबायोटिकच्या पट्टीवर उभी लाल रेघ असते, म्हणजे चिठ्ठीशिवाय नाही. १ मार्च २०१४ पासून एच-वन नावाची यादीही लागू झाली. त्यातलं सेफिक्झिमसारखं औषध विकलं की डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, किती दिलं, हे वेगळ्या वहीत चढवायचं आणि ती वही तीन वर्षं जपायची. मित्राची वही उसाच्या पावत्यांसारखी कोपऱ्यांनी दुमडलीय. आपल्याच जिल्ह्यात पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली ती देशाला पेनिसिलीन मिळावं म्हणून. तेव्हा अडचण औषध न मिळण्याची होती.

संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक येतं. भरतीचं पोरगं, पायात धुळीने माखलेले बूट. पोलीस भरतीत मैदानी ५० गुणांची, त्यात १६०० मीटर धावणं. कालव्याकडेच्या रस्त्यावर ही पोरं पहाटे दिसतात, कुणीतरी मोबाईलवर वेळ लावलेली.

"ती तीन गोळ्यांची पट्टी द्या. घसा धरलाय, अंग तापलंय. सोमवारी ट्रायल हाय."

"चिठ्ठी?"

"मागं घेतली होती की."

मित्र देत नाही. त्याला ठाऊक आहे, पोरगं पुढच्या दुकानात जाईल. म्हणून नाही म्हटल्यावर तो बोलत राहतो. एका जातीच्या अँटिबायोटिकने टाचेच्या वरची जाड शीर दुखावते, तुटतेही. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन त्यातलीच, आणि अमेरिकेच्या औषध खात्याने २००८ साली त्यावर ठळक इशारा छापायला लावला. "तू पळणारा ना? मग आपल्या मनानं कुठलीच पट्टी उचलू नकोस." पोराचं लक्ष पहिल्यांदा आपल्या पायाकडे जातं.

मला १९८७ ची लॉस एंजेलिस मॅरेथॉन आठवते. संशोधक डेव्हिड नीमन यांनी धावकांना विचारलं तेव्हा शर्यतीनंतरच्या आठवड्यात १२.९ टक्के जणांनी आजारी पडल्याचं सांगितलं. तयारी करूनही न धावलेल्यांत ते प्रमाण २.२ टक्के होतं. दोष धावण्याचा, गर्दीचा की बुडालेल्या झोपेचा, यावर पुढे बरेच वाद झाले. २०२२ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांना अँटिबायोटिक देऊन आतड्यातले जिवाणू मारले, तर उंदीर कमी पळायला लागले. पळण्याची इच्छाच मंदावली. उंदीर ते उंदीर, पण हे मी पोराला सांगितलं. तो हसला. म्हणाला, "मग माझी इच्छा लई हाय, गोळी नको."

त्या हसण्यावर माझा विश्वास बसला नाही. मित्र म्हणाला, "ताप असताना पळालास तर हृदयाला सूज येऊ शकते. डॉक्टरांना दाखव, मग ठरव."

सोमवारी पहाटे मुद्दाम कालव्यावर गेलो. पोरं पळत होती. पुलाच्या कठड्यावर तोच, कानटोपी घातलेला, मांडीवर पाच जणांचे मोबाईल, हातात स्टॉपवॉच. "पाच चाळीस!" तो ओरडला आणि खोकला आवरत पुढच्याचं नाव घेतलं.