विश्लेषण : छताला भोक पडले, नुसते बुजवून भागेल का?

पावसाळा सरत आला की बुलढाणा जिल्ह्यातील अनेक घरांत एकच दृश्य दिसते. छतावर आधी पिवळसर डाग, मग रंगाचे पोपडे आणि एके दिवशी पलंगावर गिलाव्याचा तुकडा. दिवाळी तोंडावर असते, म्हणून घाईघाईत पुट्टी भरून वर रंग मारला जातो. पुढच्या पावसाळ्यात तेच भोक दुपटीने मोठे होऊन पुन्हा उघडते. छताचे कोणते भोक घरच्या घरी बुजवता येते आणि कोणत्या भोकाखाली झोपणेसुद्धा धोक्याचे आहे, हे समजून घेऊ.

भोक नेमके कशात पडले आहे?

सगळ्यात आधी हाच प्रश्न विचारायचा. नव्या घरांत स्लॅबच्या खाली पीओपी किंवा जिप्सम बोर्डाचे नक्षीदार छत असते. त्यावर खरखरीत टेक्स्चर किंवा ब्रशने काढलेली वळणे असतात. हे छत केवळ शोभेचे असते, घराचा भार त्यावर नसतो. त्याला पडलेले भोक बहुतेक वेळा घरी दुरुस्त होते.

दुसरा प्रकार थेट स्लॅबचा. त्यात सिमेंट काँक्रीट आणि लोखंडी गज मिळून छत तोलून धरतात. इथले भोक वरवरचे आहे की आतून आलेले, हे पाहिल्याशिवाय हात लावू नये.

तिसरा प्रकार जुन्या धाब्याच्या घरांचा आणि सिमेंटच्या पत्र्यांचा. धाब्यात माती पडत असेल तर वरच्या मातीपेक्षा लाकडी सरे आणि त्यांना लागलेली वाळवी आधी तपासावी. सिमेंटच्या पत्र्यांत बहुधा ॲसबेस्टॉस असते. ते कोरडे घासू, कापू नये. त्याचे बारीक तंतू फुप्फुसात जातात. अमेरिकेतील जुन्या टेक्स्चर छतांतही ॲसबेस्टॉस वापरले जाई. तिथे अशी जुनी छते आजही तपासणीशिवाय खरवडत नाहीत.

स्लॅबचे तुकडे का पडतात?

ताजे काँक्रीट अल्कधर्मी असते. त्यामुळे आतल्या गजावर एक सूक्ष्म संरक्षक थर तयार होतो आणि गज गंजत नाही. वर्षे सरतात तसा हवेतील कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये शिरतो आणि हे संरक्षण हळूहळू संपते. त्यात गच्चीवरून पाणी मुरले की गंज चढतो. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक, कधी कधी सहापट जागा व्यापतो. गज आतून फुगतो आणि खालचे काँक्रीट ढकलून पाडतो. म्हणजे आपल्याला दिसते ते भोक हा आजार नव्हे, आजाराचे शेवटचे लक्षण आहे.

भारतीय मानक आयएस ४५६ नुसार घरातील साध्या स्लॅबमध्ये गजाखाली किमान २० मिलिमीटर काँक्रीटचे कव्हर हवे. स्लॅब ओतताना कव्हर ब्लॉक न ठेवता गज थेट सेंटरिंगवर टेकवले, तर हे आवरण काही मिलिमीटरच उरते. अशा घरात गंज लवकर पोहोचतो.

खारपाणपट्ट्यात जास्त काळजी का घ्यावी?

घाटाखाली पूर्णा नदीच्या खोऱ्यात शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या तालुक्यांतील अनेक गावे खारपाणपट्ट्यात येतात. तिथल्या भूजलात क्षार जास्त. पिण्यासाठी या पाण्याचा त्रास सर्वांना ठाऊक आहे, पण बांधकामावरचा परिणाम सहसा लक्षात घेतला जात नाही. पाण्यातील क्लोराइड गजावरचा संरक्षक थर फोडते आणि गंज लवकर सुरू होतो.

आयएस ४५६ नुसार गज असलेल्या काँक्रीटसाठी वापरायच्या पाण्यात क्लोराइड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. पिण्याच्या पाण्याच्या मानकात मात्र दुसरा स्रोत नसेल तर १००० मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. थोडक्यात, ‘आम्ही हेच पाणी पितो, मग स्लॅबला काय होते?’ हा युक्तिवाद चुकीचा आहे. स्लॅब ओतताना आणि दुरुस्तीचा माल कालवताना बोअरचे खारे पाणी टाळावे. शंका असल्यास शासकीय प्रयोगशाळेत पाणी तपासून घ्यावे.

धोका कसा ओळखावा?

काठीने किंवा हातोडीच्या दांड्याने भोकाभोवती हलके ठोकावे. डोक्यावर काही पडणार नाही अशा बेताने बाजूला उभे राहावे. खणखणीत आवाज आला तर काँक्रीट घट्ट आहे. भद्द, पोकळ आवाज आला तर तेवढा भाग सुटलेला आहे.

पुढीलपैकी एकही खूण दिसली तर स्वतः दुरुस्ती न करता स्थापत्य अभियंत्याला दाखवावे :

• गज उघडा पडून बारीक झालेला किंवा पापुद्रे सुटलेला
• गजाच्या रेषेत लांब भेगा आणि तपकिरी डाग
• स्लॅब मध्यभागी खाली झुकलेला
• तुळई, कॉलम किंवा बाल्कनीच्या मुळाशी तडे
• पंख्याच्या हुकाभोवती भेगा

तोवर त्या खोलीतील पलंग हलवावा, मुलांना तिथे खेळू देऊ नये आणि गच्चीवर पाण्याची टाकी, विटा, रेती असा भार ठेवू नये.

पीओपी छताचे भोक घरी कसे बुजवावे?

आधी पाण्याचा मार्ग शोधून बंद करावा. पीओपी म्हणजे भाजलेला जिप्सम. पाणी घातले की काही मिनिटांत घट्ट होतो, पण नंतर सतत ओल लागली की मऊ पडतो. जागा वाळली का, हे पाहण्यासाठी प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवून एक दिवस ठेवावा. आत दमटपणा जमला तर थांबावे.

त्यानंतर मेन स्विच बंद करावा, कारण छताच्या पोकळीत दिव्यांच्या वायरी असतात. डोळ्यांवर चष्मा आणि तोंडाला मास्क लावावा. घोडी पक्की रोवावी आणि खाली कोणीतरी धरून उभे राहावे.

• नाण्याएवढे भोक : सैल कडा खरवडाव्यात, धूळ पुसावी आणि दोन पातळ थरांत पुट्टी भरावी.
• तळहाताएवढे भोक : फायबर जाळीची पट्टी लावून त्यावर पीओपी किंवा जॉइंट कंपाउंड पसरावे. पहिला थर वाळल्यावरच दुसरा द्यावा.
• त्याहून मोठे भोक : कडा चौकोनी कापाव्यात. आत लाकडी पट्टी आडवी बसवून स्क्रूने आवळावी. त्यावर त्याच जाडीच्या बोर्डाचा तुकडा बसवावा, सांध्यांवर जाळी लावून पुट्टी फिरवावी.

पीओपी थोडा थोडाच कालवावा. घट्ट होऊ लागलेल्या मालात पुन्हा पाणी घालून वापरला तर तो ठिसूळ होतो.

टेक्स्चर कसे जुळवावे?

खरी कसोटी इथेच लागते. पुठ्ठ्यावर आधी दोन-तीन नमुने करून पाहावेत. ठिपक्यांचे टेक्स्चर असेल तर ओला स्पंज टिपावा, रेघांचे असेल तर ताठ केसांचा ब्रश किंवा कंगवा फिरवावा. नवे टेक्स्चर जुन्यावर दोन-तीन इंच विरत न्यावे, म्हणजे ठिगळाची कड दिसत नाही. वाळल्यावर प्रायमर लावून शक्यतो संपूर्ण छताला रंग द्यावा. तेवढ्याच जागी मारलेला रंग कायम उठून दिसतो.

स्लॅबच्या वरवरच्या दुरुस्तीत काय पाहावे?

केवळ गिलावा सुटला असेल आणि गज झाकलेला असेल, तर जाणकार मिस्त्री हे काम करू शकतो. सैल भाग पूर्ण काढून, टाचे मारून, पृष्ठभाग ओला करून पातळ गिलावा करावा. छताचा गिलावा साधारण ६ मिलिमीटर पुरेसा असतो. जाड थर स्वतःच्या वजनानेच सुटतो.

गज उघडा असेल तर अभियंत्याच्या सल्ल्याने गजामागचेही काँक्रीट काढावे लागते. तारेच्या ब्रशने गंज चकचकीत होईपर्यंत काढून गंजरोधक प्राइमर लावतात, मग पॉलिमर मिसळलेला माल थराथराने भरतात. इथे सर्वांत मोठी चूक म्हणजे उघड्या गजावर पीओपी भरणे. पीओपी सिमेंटसारखा गजाचे रक्षण करत नाही, उलट ओल धरून ठेवतो. वरून छत गुळगुळीत दिसते आणि आत गंज वाढत राहतो.

काम कधी करावे?

पाऊस थांबून छत वाळल्यावर, म्हणजे दिवाळीच्या सुमारास किंवा हिवाळ्यात. घाटावर आणि घाटाखालीही हा काळ सोयीचा. मे महिन्यात मलकापूर, खामगावच्या उन्हात माल पाणी सोडून लवकर सुकतो आणि तडकतो. उन्हाळ्यातच करावे लागले तर सकाळी लवकर किंवा संध्याकाळी करावे. सिमेंटच्या कामाला किमान सात दिवस, कडक उन्हाळ्यात दहा दिवस पाणी मारावे.

आणि क्रम विसरू नये : आधी गच्चीची गळती, मग गज, मग गिलावा आणि सर्वांत शेवटी रंग. दिवाळीसाठी हा क्रम उलटा केला, तर घर चार दिवस नवे दिसते, पण छताखाली झोपणाऱ्यांचा धोका तसाच राहतो.