दुसऱ्या आणि तिसऱ्या चेंबरच्या मधात

बुलडाण्यात कालपासून झड लागली आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेवरचं हे गाव. रस्त्यावरचं पाणी उतार धरून पळतं. या घरातलं पाणी मात्र जागचं हलत नाही. वरच्या मजल्यावर कोणी बादली ओतली की खालच्या न्हाणीच्या जाळीतून काळं पाणी बुडबुडत वर येतं. पुढे वाट नसली की पाणी सगळ्यांत खालचं तोंड शोधतं.

प्लंबर मोटारसायकलला बांधलेल्या बांबूच्या लांब कामट्या सोडतो. पहिलाच प्रश्न विचारतो, "वहिनी, खरं सांगा. याच्यात ॲसिड टाकलं काय?"

"हो भाऊ, काल राती अर्धी बाटली टाकली."

तो मान हलवतो, कोपरापर्यंतचे हातमोजे चढवतो, चष्मा लावतो. तुंबलेल्या पाइपात ॲसिड पुढे जात नाही, तिथंच साचतं. कामटी जोरात मारली तर ते उडून डोळ्यांत जातं. त्यात कोणी ब्लिचिंग पावडर टाकली तर क्लोरिन वायू सुटतो.

"आता सगळे नळ बंद करा. संडासातही कोणी पाणी टाकू नका."

मागच्या अंगणात एका रांगेत तीन चेंबर आहेत, त्यांच्यापुढे सेप्टिक टाकी. तो सब्बल लावून तिन्ही ढापे उचलतो आणि लगेच वाकत नाही. दोन पावलं मागे सरतो, वारा खेळू देतो. मग तिन्हींत डोकावतो.

"पयला भरेल, दुसरा भरेल, तिसरा कोरडा. म्हंजे चोकअप दुसऱ्या अन् तिसऱ्याच्या मधात हाय."

अर्ध्या मिनिटात जागा सापडते. फरशी फोडायची नाही, भिंत तोडायची नाही. भरलेल्या चेंबरला तो हातही लावत नाही; कोरड्या बाजूनं कामटी सरकवतो आणि तोंडासमोर न राहता बाजूला उभा राहतो. कामटी अडते. तो ती हलकेच दाबतो, सोडतो, पुन्हा दाबतो.

"दगूड असता तर ठक वाजलं असतं. हे दबून रायलं."

तारेचा आकडा आत जातो, पीळ देत बाहेर येतो. आकड्याला मुळांचा जटेसारखा गुंता लोंबतो आहे. केसाएवढी बारीक, तपकिरी मुळं. त्यांत थिजलेल्या तेलाचे पिवळट गोळे, गुटख्याची पुडी, चिंधी, सॅनिटरी पॅडचा फुगलेला कापूस. कुंपणाजवळच्या उंबरानं ओलाव्याच्या ओढीनं जुन्या सिमेंट पाइपाच्या जोडातून आत शिरकाव केला आहे. पुढचं काम स्वयंपाकघरानं आणि संडासानं केलं. गुंता सुटताच पाणी धो धो सुटतं. दोन्ही चेंबर बघता बघता खाली बसतात.

शेजारचे गृहस्थ कुंपणावरून म्हणतात, "आता आलाच हायेस तर टाकीतही उतरून पाय ना."

"टाकीत नाही उतरत, भाऊ. कितीबी पैसे द्या."

या नकारामागे पक्कं ज्ञान आहे. टाकीत हायड्रोजन सल्फाइड साठतो. थोडा असतो तेव्हा सडक्या अंड्याचा वास येतो. जास्त झाला की नाकाची संवेदनाच मरते, आणि वास गेला असं वाटत असतानाच माणूस कोसळतो. त्याला काढायला उतरणारा दुसराही तिथंच पडतो. 2013च्या कायद्यानं संरक्षक साधनांशिवाय कोणाला गटारात वा सेप्टिक टाकीत उतरवणं गुन्हा ठरवलं आहे. पहिल्याच गुन्ह्याला 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 2 लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. अशा मृत्यूबद्दल 30 लाख रुपये भरपाई द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयानं 20 ऑक्टोबर 2023 रोजी बजावलं. कोणत्याही टाकीतला गाळ एका माणसाच्या जिवाच्या मोलाचा नाही, आणि तो बाहेरून यंत्रानं उपसता येतो.

प्लंबर साबणानं हात धुतो. वहिनी चहा आणतात, बसायला खुर्ची देतात. तो पुढची कामं सांगतो: फुटका जोड काढून तिथं चार इंची पीव्हीसी पाइप टाकायचा, उतार 40 फुटांमागे 1 फूट ठेवायचा. तळणीचं तेल मोरीत ओतायचं नाही, पॅड कागदात गुंडाळून कचऱ्यात द्यायचा. टाकी दर दोन-तीन वर्षांनी उपसायची.

"टाकी शेवटी कधी उपसली?" तो विचारतो. घरात कोणालाच आठवत नाही. वहिनी मोबाइल काढतात आणि उपशाच्या गाडीसाठी नगरपालिकेला फोन लावतात.