शर्यत तसा टर्बो

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना शिरवळ मागे पडलं, खंडाळा ओलांडला की खंबाटकीचा चढ सुरू होतो. भरलेला ट्रक गिअर खाली घेतो आणि इंजिनाच्या घरघरीवर एक बारीक शिट्टी चढते. ती टर्बोचार्जरची. टर्बो निकामी झालेला ट्रकही याच चढावर उघडा पडतो: काळा धूर, पिकअप नाही आणि मागे गाड्यांची रांग.

ट्रकला टर्बो हवा तो ओझं चढवायला. शर्यतीच्या गाडीचं गणित मात्र प्रत्येक शर्यतीगणिक बदलतं. म्हणूनच ‘सगळ्यात मोठा टर्बो कोणता?’ हा प्रश्न तिथे निरुपयोगी ठरतो.

स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखीने १९०५ मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं. रचना तशी सोपी. एकाच शाफ्टच्या एका टोकाला टर्बाइन, दुसऱ्या टोकाला कॉम्प्रेसर. सायलेन्सरवाटे वाया जाणारा गरम धूर टर्बाइन फिरवतो, कॉम्प्रेसर बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. हवा जास्त म्हणजे इंधन जास्त जाळता येतं आणि ताकद वाढते. शाफ्टचे फेरे मिनिटाला लाखाच्या पुढे जातात. दाबलेली हवा तापते, म्हणून ती इंटरकूलरमधून थंड करून पुढे पाठवतात.

खरी मेख आकारात आहे. जत्रेतलं लहान भिरभिरं फुंकरीने फिरतं, मोठ्याला वारा लागतो. तसंच लहान टर्बो कमी आरपीएमला जागा होतो, पण वरच्या आरपीएमला त्याचा दम संपतो. मोठा टर्बो वर भरपूर हवा देतो, पण तिथवर पोचेपर्यंत ड्रायव्हर अॅक्सिलरेटर दाबून वाट बघत राहतो. हाच टर्बो लॅग.

फॉर्म्युला वनमध्ये रेनोने हा धडा जाहीरपणे गिरवला. १९७७ मध्ये त्यांनी दीड लिटरची टर्बो गाडी उतरवली तेव्हा तिला एकच मोठा टर्बो होता. ताकद होती, पण वळणातून बाहेर पडताना ती उशिरा यायची. १९७९ मध्ये त्यांनी एकाच्या जागी दोन लहान टर्बो बसवले. त्याच वर्षी जुलैमध्ये दिजाँला झाँ-पियेर जाबुईने शर्यत जिंकली. टर्बो गाडीचा फॉर्म्युला वनमधला हा पहिला विजय.

सर्किटच्या शर्यतीचं जवळचं उदाहरण फोक्सवॅगनचं. पुण्याजवळ चाकणला कारखाना असलेल्या या कंपनीने २०१० मध्ये भारतात पोलो कप सुरू केला, तो १.६ लिटरच्या, सुमारे १३० अश्वशक्तीच्या टर्बो डिझेलवर. २०१२ मध्ये त्या जागी १.४ लिटरचं १८० अश्वशक्तीचं पेट्रोल इंजिन आलं आणि २०१७ च्या अॅमिओ कपमध्ये १.८ लिटरचं २०५ अश्वशक्तीचं. कोल्हापूरचा ध्रुव मोहिते याच अॅमिओ कपमध्ये धावला. अशा एकाच बनावटीच्या गाड्यांच्या शर्यतीत टर्बो निवडते ती कंपनी. स्पर्धकाने तो बदलायचा नसतो.

रॅलीत निवड नियमाच्या भोकातून होते, तेही अगदी शब्दशः. भारताचा रॅलीपटू गौरव गिलने २०१३ मध्ये आशिया-पॅसिफिक रॅली अजिंक्यपद मिळवलं ते बिनटर्बोच्या दोन लिटर स्कोडावर. २०१६ मध्ये त्याच्या हाती १.६ लिटरची टर्बो फॅबिया आर-५ होती. या वर्गात कॉम्प्रेसरच्या तोंडाशी ३२ मिलिमीटर भोकाचा रेस्ट्रिक्टर सक्तीचा. सगळी हवा त्यातूनच जाणार, मग वरच्या आरपीएमसाठी भलामोठा टर्बो लावून उपयोग काय? संघ मधल्या आरपीएमला झटपट जोर देणारा टर्बो पसंत करतात. त्या काही मिलिमीटरांची किंमत टोयोटाने १९९५ मध्ये मोजली. रेस्ट्रिक्टर घट्ट बसवला की आत हवेला चोरवाट उघडायची आणि तपासणीसाठी सोडवला की ती बंद व्हायची. ही करामत उघड झाली आणि संघावर वर्षभराची बंदी आली.

ड्रॅग रेस याच्या अगदी उलट. लोणावळ्याजवळच्या अॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’मध्ये वळण नाहीच, गाडी सुटण्याआधीच आरपीएम चढवून ठेवता येतो. इथे मोठा टर्बो शोभतो. कमिन्सच्या ५.९ लिटर डिझेलसाठी बनलेला होलसेट कंपनीचा एचएक्स-३५ टर्बो जगभरचे हौशी लोक पेट्रोल इंजिनांना लावतात, कारण तो दणकट आणि स्वस्त. साताऱ्याशी याचं नातं दूरचं नाही: होलसेट १९७३ पासून कमिन्सची, आणि शिरवळहून लोणंदमार्गे गेलं की फलटणला टाटा कमिन्सचा इंजिन कारखाना आहे.

टर्बो बदलणं म्हणजे चार नट खोलणं नव्हे. फ्लँज जुळायला हवी. शाफ्ट ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो, म्हणून ऑइल येणारी नळी स्वच्छ हवी आणि परतीची नळी रुंद, सरळ उताराची. ती दबली की ऑइल सीलमधून निसटतं आणि निळसर धूर येतो. नवा टर्बो बसवल्यावर जाणता फिटर आधी त्याच्या तोंडात ऑइल ओततो, इंजिन चालू न करता स्टार्टर फिरवून ऑइलचा दाब येऊ देतो आणि मगच चावी पुढे नेतो. हवा वाढली की इंजेक्टर, पंप आणि ईसीयूचं ट्यूनिंगही बदलावं लागतं. पेट्रोल इंजिनात इंधन कमी पडलं तर नॉकिंग होऊन पिस्टन वितळू शकतो.

या सगळ्याआधी आपल्या शर्यतीच्या वर्गाची नियमावली वाचावी, मग टर्बोचा आकार ठरवावा. नंबरप्लेटची रोजची गाडी मात्र या प्रयोगातून वगळावी: कंपनीच्या मूळ रचनेत परस्पर फेरफार करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मनाई करतं.