उत्तेजके घेतलेल्या खेळाडूला माफी असावी का?

भातकापणी आटोपली की आमच्या कर्जत-खालापूर भागात कबड्डीचे दिवस सुरू होतात. माझ्या दवाखान्यात मग मुरगळलेले घोटे, सुजलेले गुडघे आणि सोललेली कोपरे यांची रांग लागते. गेल्या हंगामात खालापूरकडच्या एका गावातला चढाईपटू मात्र वेगळीच तक्रार घेऊन आला. वय २१. "भूक लागत नाही, लघवी पिवळी होते," एवढेच म्हणाला. सदरा काढ म्हटल्यावर घुटमळला. पाठभर लाल पुटकुळ्या, दोन्ही स्तनाग्रांखाली सुपारीएवढ्या गाठी. दंड मात्र पाहत राहावे असे. मी दार लोटून घेतले आणि विचारले, "गोळ्या किती दिवस घेतोयस?"

चार महिने. व्यायामशाळेत येणाऱ्या एकाने पांढऱ्या डबीतून दिल्या होत्या. डबीवर औषधाचे नाव नव्हते. रक्त तपासले तेव्हा कावीळ निघाली.

मी कोणाला काही सांगितले नव्हते, सांगायचेही नसते. पण पोराने स्वतःच कप्तानाला सांगून टाकले आणि गावात दोन तट पडले. मग एका रविवारी मंडळाची चार जाणती माणसे त्या पोराला घेऊनच दवाखान्यात आली. "डॉक्टर, तुम्हीच सांगा. याला पुन्हा खेळवायचा की कायमचा बसवायचा?" त्यांच्यात एक वडील होते. त्यांचा मुलगा अख्खा हंगाम राखीव म्हणून बाहेर बसला होता. ते म्हणाले, "आमच्या पोराने भात-भाकरी खाऊन घाम गाळला अन् जागा गेली गोळीवाल्याला. याला माफी, मग आमच्याला काय?"

वाचकहो, या प्रश्नाला माझ्याजवळ तेव्हा उत्तर नव्हते. आजही पुरते नाही.

हाच प्रश्न आपल्या राज्याने एकदा फार मोठ्या आखाड्यात पाहिला आहे. मुंबईत वाढलेला पैलवान नरसिंग यादव २०११, २०१२ आणि २०१३ असा सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी झाला. २०१५ साली लास वेगास येथील जागतिक स्पर्धेत त्याने कांस्यपदक मिळवले आणि ७४ किलो गटात भारताला रिओ ऑलिंपिकची जागा मिळवून दिली. २५ जून २०१६ रोजी घेतलेल्या त्याच्या नमुन्यात मेथॅनडायनोन हे स्टेरॉइड सापडले. आपल्या खाण्यापिण्यात कोणीतरी ते मिसळले, असे त्याचे म्हणणे. भारतातील उत्तेजकविरोधी संस्थेने, म्हणजे 'नाडा'ने, ते मानले व त्याला मोकळे केले. परंतु जागतिक संस्था 'वाडा' क्रीडा लवादाकडे गेली. घातपाताचा खरा पुरावा नाही, गोळीच्या रूपाने हे औषध एकाहून अधिक वेळा जाणूनबुजून घेतले गेले असण्याचीच शक्यता अधिक, असे लवादाने म्हटले. त्याची कुस्ती १९ ऑगस्टला होती. आदल्या रात्री चार वर्षांची बंदी आली आणि त्या गटात भारताचा कोणीच उतरला नाही.

आपण दोषी नाही, असे तो पुढेही म्हणत राहिला. बंदी मात्र पूर्ण भोगली. २०२० मध्ये तो मॅटवर परतला, त्या वर्षीच्या डिसेंबरात बेलग्रेडला खेळलाही. पण तोवर पैलवानाची ऐन उमेदीची वर्षे निघून गेली होती. एप्रिल २०२४ मध्ये कुस्ती महासंघाच्या खेळाडू आयोगाचा तो अध्यक्ष निवडला गेला. म्हणजे कुस्तीवाल्यांनी त्याला पुन्हा आपल्यात घेतले म्हणायचे.

दुसरे उदाहरण विरारच्या पृथ्वी शॉचे. पहिल्याच कसोटीत शतक ठोकणारा हा मुलगा १९ वर्षांचा असताना, फेब्रुवारी २०१९ मध्ये, इंदूरला त्याचा नमुना घेतला गेला. त्यात टर्ब्युटालिन निघाले. दमेकऱ्यांना देतात ते हे औषध, आणि खोकल्याच्या कितीतरी बाटल्यांत ते असते. दुकानातून आणून खोकल्याचे औषध घेतले, हा त्याचा खुलासा क्रिकेट मंडळाने मान्य केला. बंदी आठ महिन्यांची, तीही मागील तारखेपासून मोजलेली. नोव्हेंबरात तो मुंबईकडून पुन्हा खेळू लागला.

ही बातमी वाचली त्या दिवशी मी कपाटातली बाटली काढून तिच्यावरची बारीक अक्षरे वाचली. तेच औषध! काही वर्षांपूर्वी राज्य निवड चाचणीला निघालेल्या एका कबड्डीपटूला मी तीच बाटली लिहून दिली होती. "कुठे खेळतोस का रे?" एवढे विचारायचेही मला सुचले नव्हते. त्याची तपासणी झाली नाही म्हणून निभावले. झाली असती तर नाव त्याचे खराब झाले असते, माझे नव्हे. तेव्हापासून तरुण मुलगा खोकत आला की मी आधी खेळाचे विचारतो. तुमच्या घरात जिल्हा-राज्य पातळीवर खेळणारे कोणी असेल तर डॉक्टरांना ते आपणहून सांगावे. औषध खरोखर गरजेचेच असेल तर उपचारासाठी रीतसर परवानगी मागण्याचीही सोय नियमांत आहे.

असो. चुकून प्यायलेली बाटली आणि चार महिने मोजून घेतलेल्या गोळ्या यांना एका मापाने मोजता येत नाही, हे कोणालाही पटेल. पण जाणूनबुजून घेणाऱ्याचे काय?

आधी शरीर काय करते ते पाहू. ही स्टेरॉइडे म्हणजे पुरुषी संप्रेरकाची कृत्रिम भावंडे. बाहेरून आयता माल येऊ लागला की शरीर आपला कारखाना बंद करते. वृषणे आक्रसतात, शुक्रजंतू घटतात. गोळ्या थांबवल्यावर ते सावरायला कित्येक महिने, कधी वर्षाहून अधिक काळ लागतो. त्या काळात मन खचते. घरच्यांनी अशा मुलाला एकटे सोडू नये, कारण आत्महत्येचे विचारही येऊ शकतात. यकृत बऱ्याचदा सुधारते, हृदयाचे मात्र सांगता येत नाही. छातीवरच्या जुन्या गाठी अनेकदा शस्त्रक्रियेशिवाय जात नाहीत. अठराच्या आतल्या मुलाची उंचीच खुंटू शकते. ही शिक्षा कोणत्याही लवादाला द्यावी लागत नाही.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नॉर्वेत ऑस्लो विद्यापीठात उंदरांवर झालेले एक संशोधन २०१३ साली प्रसिद्ध झाले. थोडे दिवस टेस्टोस्टेरॉन दिल्यावर उंदरांच्या स्नायूंतील पेशीकेंद्रके वाढली. औषध थांबवल्यावर स्नायू पूर्ववत झाले, पण वाढीव केंद्रके तीन महिन्यांनंतरही टिकून होती आणि ताण पडताच ते स्नायू इतरांपेक्षा झपाट्याने वाढले. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे खरे. तरीही बंदी संपली म्हणजे फायदाही संपला, असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. राखीव बसलेल्या मुलाच्या वडिलांचे म्हणणे इथे पुन्हा आठवते. शिवाय माफीचा गैरफायदाही घेतला जातो. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये पकडलेला बेन जॉन्सन दोन वर्षांची बंदी भोगून परतला आणि १९९३ मध्ये पुन्हा सापडला. मग मात्र जन्माची बंदी आली.

तरीही पहिल्याच चुकीला आयुष्याची शिक्षा मला मान्य नाही. खेळाच्या नीतीपेक्षा मी हे डॉक्टर म्हणून सांगतो. कायमचे हाकलतील अशी भीती असली की मुले डबी लपवतात, काविळीवर झाडपाला घेतात आणि फार उशिरा येतात. हा मुलगा वेळेत आला, खरे बोलला. ज्याने डबी दिली तो मात्र तिथेच उजळ माथ्याने वजने उचलतो आहे. भूल देताना रक्तदाब सावरण्यासाठी वापरायचे मेफेन्टरमाइनचे इंजेक्शनसुद्धा असले लोक तरुणांना विकतात. माझा राग आहे तो त्यांच्यावर.

मंडळींना मी म्हटले, "पूर्ण एक हंगाम बसवा. त्याची जागा राखीव बसलेल्या मुलाला द्या, आणि पुढल्या वर्षी याने निवडीला पहिल्यापासून उभे राहावे." वडिलांचे पूर्ण समाधान झाले नाही. "बघू," म्हणाले आणि चहा न घेताच उठले.

या हंगामात तो मुलगा मैदानाच्या कडेला टेबलावर गुण लिहायला बसतो. यकृताचा तपास आता ठीक आला आहे, गाठी आहेत तशाच आहेत. पनवेलच्या एका सर्जनांना दाखवायचे आहे. परवा तो आला तेव्हा त्याच्याच व्यायामशाळेतले आणखी दोघे बाहेरच्या बाकावर बसले होते. आत यायला तयार नव्हते. त्यांना गुरुवारी सकाळी, गर्दी नसताना बोलावले आहे. येताना डबी घेऊन या, असेही सांगितले आहे.