जुन्या पिकअप गाडीची डिझेल टाकी व नळ्या : दोष कसा शोधावा

भिवंडी तालुक्यातील पडघा हे गाव मुंबई–नाशिक महामार्गावर वसलेले आहे. या परिसरातील भाजीपाला, दूध, भात व गवत भिवंडी-कल्याणकडे नेण्यास जुन्या पिकअप गाड्या उपयोगी पडतात. पहाटे भेंडीचा भार घेऊन निघालेली गाडी वाटेत बंद पडली, म्हणजे बाजाराची वेळ टळते, माल कोमेजतो व भाव उतरतो. अशा वेळी दोष पुष्कळदा इंजिनात नसून टाकीत अथवा नळीत असतो. तो क्रमाने शोधल्यास वेळ व पैसा दोन्ही वाचतात.

पुढील माहिती यांत्रिक पंपाच्या जुन्या डिझेल गाड्यांसाठी आहे. नव्या 'कॉमन रेल' गाड्यांच्या नळ्यांत दाब फार मोठा असतो. त्या घरी सोडू नयेत.

डिझेलचा मार्ग

टाकीतील डिझेल प्रथम जाळीतून नळीत येते. फीड पंप ते ओढून फिल्टरकडे ढकलतो. फिल्टरमधून ते मुख्य पंपात व तेथून नोझलकडे जाते. उरलेले डिझेल परतीच्या नळीने टाकीत येते. टाकीपासून फीड पंपापर्यंतचा भाग ओढीचा व त्यापुढचा भाग दाबाचा, हा भेद ध्यानात ठेवावा. दाबाच्या नळीला चीर पडली तर डिझेल ठिबकते व दोष डोळ्यांना दिसतो. ओढीच्या नळीला चीर पडली तर मात्र डिझेल बाहेर न येता हवा आत शिरते. म्हणून नळी कोरडी दिसली, एवढ्यावरून ती निर्दोष समजू नये.

लक्षणे व कारणे

१. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी सुरू होत नाही. हँड पंप मारल्यावर होते. ओढीच्या नळीत हवा शिरून डिझेल टाकीकडे उतरले असावे. रबरी नळ्या, क्लिपा व वायसर तपासावेत.

२. गाडी रिकामी नीट चालते, परंतु भार घेऊन चढावर दम सोडते. फिल्टर अथवा टाकीतील जाळी तुंबली असावी.

३. काही अंतर जाऊन बंद पडते व थोडे थांबल्यावर पुन्हा सुरू होते. टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र बुजले असावे. झाकण सैल करताच आत हवा ओढल्याचा आवाज आला व गाडी पूर्ववत चालली, तर दोष तेथेच आहे. तसे न झाल्यास टाकीतील कचरा ओढीमुळे जाळीस चिकटत असावा; गाडी थांबली की तो सुटून खाली बसतो.

४. इंजिन धक्के देते व पांढरा धूर सोडते. डिझेलमध्ये पाणी असण्याचा संभव आहे. फिल्टरच्या तळाचा स्क्रू सोडून थोडे डिझेल काचेच्या बाटलीत घ्यावे व अर्धा तास स्थिर ठेवावे. पाणी डिझेलहून जड असल्याने तळाशी वेगळे दिसते.

दोष टाकीकडे की पुढे, हे ठरविण्यासाठी गाडी उभी करून फीड पंपाची ओढीची नळी सोडावी व दुसऱ्या नळीने स्वच्छ डिझेलच्या डब्यास जोडावी. हवा काढून इंजिन चालवावे. ते नीट चालले तर दोष टाकीत वा ओढीच्या नळीत आहे. न चालल्यास पुढे शोधावा.

हवा काढण्याची रीत

फिल्टरवरील हवेचा स्क्रू थोडा सैल करून हँड पंप मारावा. प्रथम फेस येईल. बुडबुडे थांबून डिझेल अखंड येऊ लागले की ते वाहत असतानाच स्क्रू घट्ट करावा. मग मुख्य पंपाच्या स्क्रूवरही तसेच करावे.

पावसाळ्यातील काळजी

ठाणे जिल्ह्यात पाऊस भरपूर व हवा दमट असते. अर्धी रिकामी टाकी रात्री थंडावली म्हणजे आतील हवेतील बाष्पाचे पाणी होते. त्या पाण्याने टाकी गंजते व त्यात सूक्ष्म जीव वाढून काळसर चिकट गाळ धरतो. म्हणून सायंकाळी टाकी भरून ठेवावी, झाकणाचे रबर फाटल्यास बदलावे व फिल्टरमधील पाणी वरचेवर सोडावे. गंज धरलेली टाकी न धुता नुसता फिल्टर बदलल्यास तो लवकरच पुन्हा तुंबतो.

पेट्रोलच्या जुन्या गाडीची गोष्ट थोडी निराळी आहे. आता पेट्रोलमध्ये सुमारे २० टक्के इथेनॉल मिसळलेले असते. इथेनॉल पाणी शोषते. पाणी अधिक झाल्यास दोन्ही मिळून तळाशी बसतात. जुन्या प्रकारचे रबरही त्याने फुगते वा चिरते. तेव्हा इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या बसवाव्यात.

सावधगिरी

काम करण्यापूर्वी इंजिन थंड होऊ द्यावे व विडी, दिवा दूर ठेवावा. डिझेल तोंडाने ओढू नये. रिकाम्या टाकीतही पेट घेणारी वाफ असते. सबब घरी तिला वेल्डिंग मुळीच करू नये. काढलेले घाण डिझेल शेतात, ओढ्यात वा विहिरीजवळ न ओतता बंद डब्यात ठेवावे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वी अशी तपासणी गावात करून दाखविल्यास ऐन हंगामात होणारा खोळंबा बराच टळेल.