वाचनालयाची वही आणि ‘बेस’

कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चे. त्याच परंपरेत डोंबिवलीतल्या एखाद्या सोसायटीने छोटे वाचनालय काढले, तर नोंदींसाठी लिब्रेऑफिसमधला ‘बेस’ हा डेटाबेस प्रोग्रॅम फुकट मिळतो. तो लिब्रेऑफिसच्याच कॅल्क या स्प्रेडशीटइतका सोपा मात्र नाही. कॅल्कमध्ये रकाने आखले की काम सुरू. बेसमध्ये आधी मांडणी ठरवावी लागते.

पुस्तके, सभासद आणि देवघेव अशी तीन टेबले हवीत. देवघेवीत पुस्तकाचे किंवा सभासदाचे नाव पुन्हा लिहायचे नाही, फक्त क्रमांक. म्हणजे कुणाचा फोन बदलला तर दुरुस्ती एकाच जागी पुरते. यासाठीच बेस शिकण्याचे कष्ट घ्यावेत असे मला मनापासून वाटते.

प्रत्येक टेबलाला ‘प्रायमरी की’, म्हणजे प्रत्येक नोंदीची वेगळी ओळख ठरवणारा रकाना, नेमाच. ती नसेल तर बेस नोंदी दाखवतो, पण भरू देत नाही, आणि नवखा माणूस नेमका इथेच अडतो. टेबल, फॉर्म, अहवाल यांसाठी विझार्ड आहेत. सुरुवात त्यांनीच करावी. काही कामांना जावा हे सॉफ्टवेअरही लागते. एकाच वेळी दोन संगणकांवरून नोंदी करायच्या असतील, तर बेसची स्वतःची फाइल पुरत नाही. मारियाडीबीसारखा सर्व्हर जोडावा लागतो.