बाबिलोनचे महिने, अलिबागचे सण

लोद, इस्रायल

इथल्या सरकारी पत्रावर दोन तारखा असतात, एक इंग्रजी आणि एक हिब्रू. १९९८ मध्ये तसा कायदाच झाला. गंमत अशी की ‘हिब्रू’ तारखेतल्या महिन्यांची नावं मुळात हिब्रू नाहीतच. इ.स.पू. ५८६ मध्ये जेरुसलेम पडलं, माणसं कैद होऊन बाबिलोनला गेली आणि परतली ती तिथली महिन्यांची नावं घेऊन. हे मी म्हणत नाही, जेरुसलेमच्या तालमूदमध्येच लिहिलंय. त्याआधी बहुतेक महिने नुसते पहिला, दुसरा, तिसरा असे मोजायचे. वार तर अजूनही तसेच मोजतात, नाव आहे ते फक्त शनिवारला.

‘तम्मूझ’ हा महिना चक्क एका बाबिलोनी देवाच्या नावाचा. त्या देवासाठी मंदिराच्या दाराशी रडणाऱ्या बायकांबद्दल बायबलमधला यहेज्केल संदेष्टा संतापलेला आहे. नाव मात्र टिकलं. ‘तिश्री’चा मूळ अर्थ आरंभ. धर्मग्रंथाच्या मोजणीत हा सातवा महिना, तरी नवं वर्ष याच्याच पहिल्या दिवशी लागतं. २०२४ मध्ये तो दिवस ३ ऑक्टोबरला, नेमका आपल्या घटस्थापनेला आला. आदल्या वर्षी आपला अधिक श्रावण मध्ये आल्यामुळे महिनाभराचं अंतर पडलं होतं. अधिक महिना यांच्याकडेही असतो, १९ वर्षांत ७ वेळा, पण आपल्यासारखा फिरत नाही. दरवेळी अदारच दोनदा येतो.

लोद, रामले, दिमोना इथे आपल्या रायगड किनाऱ्यावरचे बेने इस्रायली आहेत. आडनावं पेणकर, रोहेकर, दिवेकर. गावाकडे यांचे पूर्वज तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी बंद ठेवत, म्हणून ‘शनवार तेली’. त्यांनी सणांना नावं दिली ती घरातली. वर्षारंभ म्हणजे नव्याचा सण. प्रायश्चित्ताच्या दिवशी दारं लावून घरात बसायचं, तो दरफाळणीचा सण. जेरुसलेमचं मंदिर पडल्याचा आव महिन्यातला उपास म्हणजे बिरड्याचा सण. शोकाच्या दिवसाला वालाच्या बिरड्याचं नाव देणं अलिबागकरांनाच सुचावं! एलूल महिन्यातल्या उपासांना ते रमजान म्हणत. शेजाऱ्याचा शब्द सोयीचा वाटला, घेतला. बाबिलोनमध्ये तरी वेगळं काय झालं होतं?

इथल्या शाळेत वाढलेली नातवंडं सणांची हिब्रू नावंच शिकतात. त्यात तिश्रीच्या चौथ्या दिवसाचं, खिरीच्या सणाचं, थोडं अवघड होतं. या दिवशी इथे सुट्टी नाही, आणि सणामागचं कारणही इथे उगवत नाही. कोकणात हळवं भात अश्विनात हाती येतं, म्हणून नव्या तांदळाची, नारळाच्या रसातली खीर. इथला गहू उन्हाळ्याच्या तोंडालाच कापून झालेला असतो. तिश्रीत बाजारात नवं येतं ते डाळिंब.